अकरावा ठोका

चढावर जीपचं इंजिन दर अकराव्या ठोक्याला किंचित ढिलं पडत होतं. कुमुदताईंनी ते तीनदा मोजलं. बारा वर्षांपूर्वी हे इंजिन त्यांच्याच मांडीच्या पेशींपासून वाढवलं होतं. सगळ्यांचीच इंजिनं आता तशी असत.

"वर्षभर विचारतोय, ताई," जीप चालवणारा मेकॅनिक अन्वर म्हणाला. "दुरुस्त करायचं, की बदलायचं? दुरुस्तीला पेशी तुमच्याच लागतील; नव्याला दुसऱ्या कुणाच्याही चालतील."

"आणि खोट त्यांच्यातच असेल तर?"

"मग इंजिन अगदी मालकिणीवर गेलंय म्हणायचं!" तो हसला.

ताई हसल्या नाहीत. हल्ली जिना चढताना त्यांचाही पाय असाच ढिला पडायचा. आजारी इंजिन होतं की त्या, हे त्यांना कळेना.

"बदल," त्या अखेर म्हणाल्या. "माझ्या पेशी नकोत. आणि आधी मला दवाखान्यात सोड."