चीक

बाळंतपणानंतर माझ्या बायकोचं, करिष्माचं, पहिलं दूध आलं ते घट्ट, पिवळं. नर्सची पाठ वळताच माझ्या आईनं ते वाटीत पिळून बेसिनमध्ये ओतलं. "हे नासकं असते. लेकराले बाधते," असं म्हणत तिनं बाळाला बोटानं मध चाटवला. करिष्मा माझ्याकडे बघत राहिली. मी रिकामी वाटी विसळून ठेवली.

पाचवी पुजली आणि दुसऱ्याच दिवशी बाळाचं पोट टम्म फुगलं. बुलढाण्याला नेलं, तिथं त्याला काचेत ठेवलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "चीक पाजला होता ना?" मी मान हलवून नाही म्हटलं. "पोटात चांगले जंतूही लागतात हो. चिकातून त्यांना जोर मिळतो. याच्या आतड्यात ते रुजायच्या आधीच वाईट जंतू पसरलेत. आता औषधं चालू आहेत, पण खात्री देता येत नाही."

करिष्माचा डबा न्यायला मी देऊळघाटला घरी आलो, तर गोठ्यात गाय नुकतीच व्यायली होती. शेजारच्या पुष्पाकाकू खरवसासाठी चीक मागायला पितळी गंज घेऊन आल्या होत्या. नातवासाठी सकाळपासून उपाशी असलेल्या आईनं थरथरतं वासरू दोन्ही हातांनी उचलून कासेला लावलं, आणि काकूंना दारातच थांबवलं.



"थांब वं माय, आधी त्याले पोटभर पिऊ दे. पह्यला चीक नाही भेटला तं लेकरू जगते काय?"