जगलेला उंदीर

काचेची बशी शलाकानं प्रयोगशाळेच्या सरांसमोर आदळली. बशीत उंदराचं यकृत होतं आणि त्यावर मोहरीएवढ्या पांढऱ्या गाठी.

"कॅन्सरची सुरुवात आहे ही, सर! आजारी यकृत पुन्हा वाढावं म्हणून आपण जो ग्रोथ फॅक्टर टोचला, त्यानंच सहा महिन्यांत या गाठी पोसल्या."

"उंदीर तर चौथ्या आठवड्यातच मारायचे ठरले होते. हा सहा महिने जगला कसा?"

"ठणठणीत बरा झाला होता. तेव्हा मारायला हात धजेना माझा. आज सकाळी आपणच मेला, म्हणून कापून पाहिला."

"म्हणजे नियम मोडलास! असला उंदीर मोजायचा नसतो. चौथ्या आठवड्यापर्यंत एकाही यकृतात गाठ नव्हती, तेवढंच लिहायचं. फेक ते."

शलाकाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं केबिनचं दार सताड उघडलं. आज तेच इंजेक्शन घेणारा पहिला पेशंट बाहेर बाकावर बसला होता. फुगलेल्या पोटाशी त्यानं सरांना द्यायचा नारळ धरला होता.

"दार लाव आधी," सर कुजबुजले.

त्या माणसाला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "मग यांनाही चौथ्याच आठवड्यात मारणार का, सर?"