पंखाला घास

या, असे पुढे सरकून बसा. एका उंदराने श्यामकांतरावांचं विमान कुरतडलं, त्याची गोष्ट सांगायची आहे. छोटीशीच आहे, हातातला चहा निवायच्या आत संपेल.

श्यामकांतराव डोक्याला हात लावून उभे होते. गुरुग्रामच्या जुन्या सेक्टरातल्या इमारतीचं पार्किंग. चार स्टुलांवर आडवा ठेवलेला डावा पंख. पंखाच्या पोटाला, बुंध्यापाशी, रुपयाएवढं भोक. कडा दातांनी कातरलेल्या.

आणि उद्या सकाळी टेम्पो येणार होता. रविवारी पानिपतच्या अलीकडच्या एका खासगी धावपट्टीवरून ते स्वतः हे विमान उडवणार होते.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसं चारधामला जातात. श्यामकांतरावांनी घरी जुळवायच्या विमानाचे सुटे भाग मागवले. त्यातल्या त्यात स्वस्त: एका माणसापुरतं, लाकडी सांगाड्याचं, वरून कापड चढवायचं. परदेशी कापड परवडेना म्हणून पानिपतच्या गिरणीतून जाड पॉलिस्टर आणलं. शिंप्याला कशाला द्यायचं, म्हणून ते त्यांच्या बायकोने, चंद्रप्रभाबाईंनी, घरच्या मशीनवर शिवलं. त्यांच्याच इस्त्रीने तापवून श्यामकांतरावांनी ते ढोलकीसारखं ताणलं. ती इस्त्री त्यानंतर साडीला लावायच्या लायकीची राहिली नाही. आता कापड संपलं होतं, रंग संपला होता, आणि श्यामकांतरावांचा धीरही.

"पार्किंगमध्ये एवढ्या गाड्या आहेत," ते म्हणाले. "सीट कव्हरं आहेत, वायरी आहेत. त्याला माझाच पंख सापडला?"

वरच्या मजल्यावरून भल्ला आंटी वाकल्या. "क्या हुआ भाईसाहब, टेकऑफ से पहले ही पैसेंजर बैठ गया?"

"जी, बिल्कुल," श्यामकांतराव दात आवळून हसले आणि त्यांनी पंख जरा कलता केला. भोकातून काहीतरी खाली सांडलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं. तांदूळ होते.

ते सावकाश वळले. "प्रभा."

"हो, मीच घातले," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "पांघरूणच शिवलं ना मी तुमच्या पंखाला? आमची आई शेवटच्या कोपऱ्यात चार दाणे घातल्याशिवाय गोधडी बंद करायची नाही. म्हणायची, पांघरूण उपाशी ठेवू नये. उपाशी पांघरूण माणसाला खातं."

त्यांची आई म्हणजे कुसुमावतीबाई. साताऱ्याकडच्या. त्या दिल्लीला कधी आल्या नाहीत, विमान त्यांनी पाहिलं ते अंगणातून, मान वर करून. पण दिल्लीच्या थंडीत श्यामकांतराव नाकापर्यंत ओढून घेत ती गोधडी त्यांच्याच हातची होती.

"अगं, हे विमान आहे. मी इथे एकेक स्क्रू वजन करून लावतोय आणि तू आत वाणसामान भरतेस?"

"चार दाणे हो."

"चार? मूठभर आहेत."

"मग पंख केवढा आहे तो."

श्यामकांतराव वाकून भोकाच्या कडा चाचपू लागले.

"वरून ठिगळ लावते," बाई हळूच म्हणाल्या. "दिसणारसुद्धा नाही."

"आणि आतले दाणे? उद्या त्याचं सगळं गोत्र येईल पंगतीला." श्यामकांतरावांनी ब्लेड घेतलं. स्वतः ताणलेलं, स्वतः रंगवलेलं कापड त्यांनी भोकाभोवती हातभर कापलं. कापताना सासूबाईंना, उंदराला आणि त्या गोधडीला, सगळ्यांना एकाच श्वासात बोलून घेतलं. मग दाणे काढायला आत हात घातला. बाई मोबाइलचा टॉर्च धरून उभ्या राहिल्या.

बोटं एका प्लायवुडच्या पट्टीला लागली. पंखाला तोलून धरणारा दांडा याच पट्टीवर बोल्टने आवळलेला होता. विमान वर गेलं की सगळा भार हिच्यावर.

पट्टीची कड बोटाबरोबर उचलून आली. अगदी सहज, तव्यावरून पापड उचलावा तशी. तिच्याखाली ग्लूची पांढरी भुकटी झाली होती.

तो ग्लू त्यांना आठवला. मुदत टळून गेलेला, सुताराकडे उरलेला डबा. "चलता है यार," असं म्हणून त्यांनीच तो उचलून आणला होता. वरून पंख गुळगुळीत, रंगाचे तीन हात दिलेला. हे कुणालाही, कधीही दिसलं नसतं.

श्यामकांतराव खाली फरशीवर बसले.

बाईंना वाटलं, कापडाचंच दुःख. "जाऊ द्या हो. मी वाटी आणते. दाणा न् दाणा वेचून देते."

त्यांनी मान हलवली. फोन काढला. "भैया, टेम्पो मत लाना. हाँ, संडे कैंसल." मग ब्लेड घेऊन उठले आणि उजव्या पंखाकडे गेले.

पुढे सगळे सांधे सोलले गेले. नवा ग्लू आला, पुन्हा पानिपतची खेप झाली, पुन्हा मशीन खडखडलं. श्यामकांतराव कुरकुरत होतेच, तो त्यांचा स्वभाव. पंखाचा शेवटचा कोपरा आला तेव्हा चंद्रप्रभाबाई दाणे न घालताच टाका घालून दोरा तोडायला निघाल्या.

"थांब," श्यामकांतराव म्हणाले. "याला जेवू घातलंस का?"

बाईंनी सुई कापडात खोचली आणि तांदूळ आणायला उठल्या.

"चारच घाल. मोजून." आणि पार्किंगच्या पार टोकाला, पंखापासून लांब, त्यांनी स्वतःच्या हाताने एका पणतीत मूठभर तांदूळ ठेवले. ते ज्याचे त्याला कळले असतील.

विमान उडालं, आणि सुखरूप उतरलं. तेव्हा मंडळी, गणपतीपुढे हात जोडाल तर पायाशी बसलेल्या त्या उंदरालाही एक नमस्कार करा. आणि रात्री पांघरूण ओढून घ्याल तेव्हा कुसुमावतीबाईंची आठवण ठेवा. त्या माउलीने जावयाच्या वाटचा घास फार आधीच काढून ठेवला होता.