राहिलेले सत्तावीस

चौतिसाव्या माणसाचे आभार मानून घड्याळजींनी पस्तिसाव्याच्या नावावर बोट ठेवलं, आणि पडद्यावरची सगळी नावं एकदम नाहीशी झाली. त्यांच्या जागी एक लाल चौकट आली. घड्याळजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चौकट तिथेच होती.

"सूनबाई, जरा बघ गं. माझा कुठे धक्का लागला का?"

सूनबाई दुकानाच्या पुढच्या भागात पट्टे आणि सेल विकायची. गिऱ्हाइकाला थांबायला सांगून ती आत आली आणि ओठ हलवत वाचू लागली.

"तुम्हाला बाहेर काढलंय, बाबा."

"मला? मी काय केलं?"

"तुम्ही माणूस नाही म्हणतायत."

"मग कोण?"

"यंत्र."



जगभरातल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांचा हा इंग्रजी गट. सूनबाईनेच त्यांना सकाळी त्यात घातलं होतं, आणि त्याला कारण होतं टेबलावर उघडं पडलेलं वकीलबाईंचं भिंतीवरचं घड्याळ. साफ करायला म्हणून ते खोललं आणि चाळीस वर्षांत झालं नव्हतं ते झालं. एक चाक घड्याळजींनी खूण न करताच काढलं. पुन्हा जोडल्यापासून घड्याळ ठोके द्यायला लागलं की थांबायचं नावच घेत नव्हतं. एक वाजला तरी सतरा टोले. वकीलबाईंच्या वडिलांची दृष्टी गेलेली, त्यांचा सगळा दिवस त्या टोल्यांवर चालायचा. दोन दिवस म्हातारा दर घटकेला 'किती वाजले?' विचारून लेकीचा जीव खात होता. आज पाच वाजता वकीलबाई घड्याळ न्यायला येणार होत्या, आणि त्यांना काय तोंड दाखवायचं हे घड्याळजींना कळत नव्हतं.

सूनबाईने फोटोसकट प्रश्न गटात टाकला. त्या गटाची एक रीत होती. नवा माणूस आला की जुने लोक एकेक करून त्याचं स्वागत करायचे. दुपारपर्यंत एकसष्ट जणांनी स्वागत केलं. चाकाबद्दल मात्र एकानेही चकार शब्द काढला नाही. हा काय प्रकार आहे ते घड्याळजींना उमगेना, पण आपणहून नमस्कार करणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही म्हणजे काय? 'आपले फार आभार, मला फार आनंद झाला' एवढं इंग्रजीत सूनबाईने कागदावर लिहून दिलं. ते समोर ठेवून घड्याळजी पहिल्यापासून प्रत्येकाला एका बोटाने उत्तर लिहीत सुटले. शब्दन्‌शब्द तेच, कारण त्या कागदाबाहेर पाऊल टाकायची त्यांची हिंमत नव्हती.

"सगळ्यांना तेच तेच लिहिलंत, म्हणून संशय आला त्यांना."

"अगं, पण त्यांनीही मला तेच लिहिलंय. वेलकम, वेलकम. एकसष्ट वेळा."

"ते जुने आहेत, बाबा."

हे काही घड्याळजींच्या डोक्यात शिरलं नाही.

चौकटीच्या खाली थोडी रिकामी जागा होती. तुम्ही माणूस आहात हे कशावरून, ते तिथे लिहायचं होतं.

"काय लिहू?" सूनबाईने विचारलं.

घड्याळजी विचारात पडले. वय सांगावं? दुखणारी मान सांगावी? माणूस असल्याचा पुरावा त्यांच्याकडे आजवर कोणी मागितला नव्हता.

"असं लिही, अजून सत्तावीस जणांना उत्तर द्यायचं राहिलंय. त्यांना वाईट वाटेल."

"हे काय उत्तर झालं?"

"लिही तू."

तिने ते मराठीतच लिहिलं आणि ती गिऱ्हाइकाकडे गेली. घड्याळजींनी ते चाक तीनदा काढलं आणि तीनदा घातलं. घड्याळ दर वेळी सुटलं ते थांबलं नाही. चार वाजले तशी सूनबाई पुन्हा पडद्यासमोर येऊन बसली आणि एकदम म्हणाली, "बाबा, आपल्या भाषेत आलंय!"

'काका नमस्कार. मी गटाचा पहारा आहे. आम्ही तुला यंत्र समजलो, आम्हाला लाज. दरवाजा उघडे केला. चित्रे पाहिले. ठोक्याचे चाक याला छोटा खिळा आहे. खिळा थांबा याला टेकते तेव्हा चाक बसव, अगोदर नको. मी पण एकदा खूण विसरला. सत्तावीस वाट बघतात.'

सूनबाईला हसू आवरेना. "गटाचा पहारा म्हणे! एक ओळ धड नाही."

"हसू नकोस," घड्याळजी म्हणाले. "एवढ्या चुका यंत्राने केल्या नसत्या. कोणीतरी बसून एकेक शब्द शोधलाय." खूण विसरल्याची ओळ त्यांनी पुन्हा वाचली.

मग चिमटा घेऊन ते घड्याळाकडे वळले. खिळा थांब्याला, म्हणजे चाक अडवणाऱ्या पट्टीला, टेकवला, चाक बसवलं, काटे फिरवून बारावर आणले. टोले सुरू झाले. दोघं मोजत होती. दहा, अकरा, बारा.

तेरावा आला नाही.

घड्याळजींनी हात पुसले आणि खुर्ची पडद्यासमोर ओढली. "आता सांग, पस्तिसावा कोण होता?"

"बाबा, नको! तेच लिहिलंत तर पुन्हा यंत्र समजून बाहेर काढतील."

घड्याळजींनी वाक्याचा तो कागद जवळ ओढला.

"मग असं करू," ते म्हणाले. "या खेपेला प्रत्येकाला एकेक वेगळी चूक करून लिहू."