आंटीची खिडकी

वाकोल्यातल्या त्या इमारतीची दुरुस्ती नाताळापासून चालू होती. बाहेरच्या परांचीचा एकेक दोर प्रत्येक घराच्या खिडकीतून आत घेऊन आडव्या बांबूला बांधला होता. त्यामुळे फ्लेविया आंटीची खिडकी लागत नव्हती.

“घरभर धूळ, डास! कंटाळले रे, लवू.” आंटीच्या हातात सुरी होती. “सगळ्यांकडे बांधलायस ना? मग माझा एक सोडला तर काय होणार आहे?”

परांची बांधणारा लवू जिने चढून दमला होता. दारातच टेकला.

“वरच्यांनीपण हेच विचारलं, आंटी. खालच्यांनीपण.”

“मग?”

“सकाळी परांची हलली. पोरांना खाली उतरवलं नि घरोघर जाऊन बघून आलो. सगळ्यांच्या खिडक्या मस्त लागतात. तुमचीच तेवढी लागत नाही.”