एकुलती एक तक्रार

"तक्रार आली, तक्रार!" ऊर्मिला आनंदाने खुर्चीतून उठलीच. पॉडकास्टचं अ‍ॅप ज्या-त्या श्रोत्याच्या आवडीप्रमाणे मुलाखत बदलून ऐकवायला लागल्यापासून तिच्या संगीत-पॉडकास्टला सगळे नुसतं 'अप्रतिम' म्हणायचे. मिरजेच्या अण्णा मगदूमांनी मात्र लिहिलं होतं, 'मुलाखतीत गवईबुवा रियाजाबद्दल रंगून सांगत होते आणि तुम्ही मध्येच तोंड घातलंत!'

तिने लगेच फोन लावला. "अण्णा, चुकलंच माझं. कुठे बोलले मध्ये?"

अण्णांनी ऐकवलं. आवाज तिचाच होता, पण ती वाक्यं ती कधी बोललीच नव्हती.

"अहो, हे अ‍ॅपनं घातलंय, तुम्हाला आवडेल म्हणून! मूळ मुलाखत पाठवू? त्यात मी गप्प बसलेय."

"नको, नको!" अण्णा घाबरून म्हणाले. "मग ऐकताना मी नावं कुणाला ठेवू?"