पेरणीचा घास

घरात तान्हं लेकरू असलं की पेरणीच्या बियाण्यातला पहिला घास त्याच्या जिभेवर ठेवायचा, ही कुसुमबाईंच्या घरची रीत. पण सारं शिवार कपाशीचं झालं आणि घरचं बियाणं कधीच संपून गेलं. यंदा कडब्यापुरती ज्वारी पेरायला परदेशी कंपनीचं पाकीट आणलं होतं. आतले दाणे गुलाबी, औषध चोळलेले.

कुसुमबाईंचं बोट नातीच्या ओठांशी गेलं, तशी सून यामिनी बांधावरून धावत आली आणि तिनं सासूचा हात झटकला.

"अवं, हात तोडतं का माहा?"

"आत्याबाई, जहर हाय ते! पाकिटावर लिवलं हाय."

"मले कोठं वाचता येते वं! खाल्लं त नाही ना पोरीनं?"

"नाही. वाचली."

यामिनीनं लेकीला उराशी घट्ट धरलं. मग तिची नजर खाली गेली. मातीत पडलेला घास सासूनं बिनदाताच्या नातीसाठी आधीच चावून चावून मऊ केलेला होता.